नाल्याला सुकती नसते

मालवण, २२ जुलै

सर्वेश,

वर 'प्रिय' नाही, ते मुद्दाम.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेज केला की जोडलेले दोन पिवळे हात पाठवतोस. पत्राला तसे हात पाठवता येत नाहीत, म्हणून आज पोस्टात जाऊन पाकीट घेऊन आले. खिडकीतल्या विनीताने विचारलं, "कोणाक गो लिवतंस?" म्हटलं, भावाला. तर फिदीफिदी हसली. हल्ली मला बघून अर्धं मालवण हसतं, आणि त्याचं कारण पुण्यात बसलेलं आहे.

तो फोटो काढून टाक. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा केलास तरी मुद्दा पोचेल.

कोणता फोटो म्हणून विचारू नकोस. स्पितीतल्या त्या नाल्याकाठी बाबा दगडावर पाठमोरे बसलेत, डोक्याला टॉवेल, समोरच्या डोंगरावर पिवळंधमक ऊन. खाली तू लिहिलंयस, 'हिमालयात ओहोटीची वाट बघणारा माझा कोळी बाप.' आपल्या सुकतीची ओहोटी केलीस ती केलीस, पण कोळी काय रे? आपण गाबीत ना? पुण्याच्या लोकांना पटकन कळावं म्हणून तेही बदललंस?

तुझ्या मित्रांनी हसून घेतलं असतं तर मी एवढी चिडले नसते. पण तो फोटो फिरत फिरत इथे आला. कणकवलीच्या कॉलेजातल्या पोरांपासून दांडीच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर आहे. गेल्या सोमवारी बाबा शेडमध्ये जाळी विणायला गेले, तर लवूकाकांनी गटाराकडे बोट दाखवून विचारलं, "गुणाजी, ह्या गटाराक सुकती कदी रे? लुंगी वर करून पलीकडे जावचा आसा." सगळे खो खो हसले. बाबाही हसले म्हणे. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गुडघा दुखतो. गुडघा बिडघा काही दुखत नाही. माझ्या खानावळीत पाटावर बसून नारळ सोलतायत.

रापण म्हणजे काय हे तुला सांगायची वेळ आली आहे, कारण तू विसरलेला दिसतोस. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घालून येते, आणि मग सगळी वाडी किनाऱ्यावर उभी राहून दोर ओढते. पण होडी कधी सोडायची, ते एकच माणूस सांगतो. तो पाण्याचा रंग बघतो, पक्षी बघतो, भरती कुठवर आली ते बघतो आणि हात वर करतो. आई होती तेव्हापासून आपल्या वाडीत तो हात बाबांचा आहे. त्यांच्याकडे दुसरं आहे काय? शाळा चौथी, नावावर जमीन नाही, होडीत हिस्सा नाही. किनाऱ्यावर उभं राहून पाणी ओळखायचं, एवढंच त्यांचं नाव. ते नाव तू एका ओळीत पुसलंस. सप्टेंबरात रापण सुरू होईल. ज्याला नाल्यात ओहोटी दिसते त्याच्या शब्दावर होडी कशाला सोडायची, असं आत्तापासून बोललं जातंय.

काढून टाक, आणि काढून टाकल्याचं कळव.

जान्हवी

मालवण, ५ ऑगस्ट

सर्वेश,

तुझं उत्तर मिळालं. फोनवर बोलून रेकॉर्ड केलेलं, आणि मागे कुणीतरी कॉफी फेसाळत होतं. "ताई, लोकांना बाबा आवडलेत. ते प्रेमाने हसतायत. तू फार मनाला लावून घेतेस." वर आनंदाची बातमी, की फोटोला बक्षीस मिळालं.

ठीक आहे. प्रेमाचीच गोष्ट काढू या.

जूनमध्ये माझी खानावळ बंद, बाबांची रापण बंद. तू गाडी घेऊन आलास आणि म्हणालास, चला, तुम्हाला वाळवंट दाखवतो, बर्फ दाखवतो. बाबांनी नवा शर्ट शिवून घेतला होता, तुला माहीत तरी आहे का? खारेपाटणचा पूल ओलांडताना ते मला म्हणाले, "हयसर जिल्हो आपलो. फुडे सगळा झिलाचा." पुढचं सगळं मुलाचं, असं त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. पुढे ते तसेच वागले, हेच माझं दुखणं आहे.

जूनमध्ये जैसलमेरला शहाणा माणूस जात नाही. तू गेलास, कारण गर्दी नसते, आणि तुझ्या फोटोत माणूस चालत नाही. पहाटे आपण वाळूच्या टेकड्यांवर पोचलो. बाबांनी जन्मात एवढी कोरडी वाळू बघितली नव्हती. चपला हातात घेतल्या आणि लहान मुलासारखे त्या टेकडीवर चढत गेले. वर उभे राहून त्यांनी मला हाक मारली, "जान्हवी, हिका मिठाचो वासच नाय गो!" आणि तू खालून ओरडलास. काय ओरडलास ते मी लिहिणार नाही. तुझ्या टेकडीवर त्यांची पावलं उमटली होती, फ्रेम नासली होती. दिवसभर त्या भट्टीत आपण बसलो, वारा येऊन पावलं पुसून टाकेल म्हणून. संध्याकाळी पुसली, तुला फोटो मिळाला. फोटो चांगला आहे. मला तो आवडतो, आणि हे लिहायला माझ्या जिवावर येतंय.

पण त्यानंतर बाबा गाडीतून उतरायच्या आधी तुला विचारायचे, "हय पाय ठेवू?" तू मान हलवायचास. बघायचाससुद्धा नाहीस. बिकानेर, मनाली, तो वरचा खडकाळ घाट, सगळीकडे ते डांबरी रस्त्याच्या कडेला उभे. देवळात चपला काढून उभे राहतात तसे. हे तुझं प्रेम.

आता नाला. तिकडे डोंगरातून रस्त्यावर उतरणाऱ्या ओढ्याला नाला म्हणतात, हे आपल्यालाही तिथेच कळलं. दुपारी पोचलो तेव्हा पाणी पोटरीभर होतं. समोरून आलेल्या ट्रकवाल्याने काच खाली करून सांगितलं, "अभी निकल जाओ, धूप चढेगी तो बर्फ पिघलेगी, पानी शाम तक बढ़ता जाएगा." मी ऐकलं. तू ऐकलंस. बाबांनी माझ्याकडून अर्थ विचारून घेतला आणि मान डोलावली. तू म्हणालास, संध्याकाळचं ऊन त्या डोंगरावर पडलं की पाण्यासकट फोटो हवा. आणि गाडी लावलीस कुठे? जिथून गाड्या पाण्यात उतरतात, बरोब्बर त्या तोंडावर. ट्रायपॉड पुढ्यात. मागून आलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तर तू हात केलास, दोन मिनिटं. तुझी दोन मिनिटं आम्हाला लहानपणापासून माहीत आहेत.

पाणी वाढलं. चाकाच्या वर गेलं, मग दगड गडगडायला लागले. मागे मेंढ्यांचा टेम्पो अडकला, कामगारांचा ट्रक अडकला, आणि एका जीपमध्ये गाल सुजलेली म्हातारी, तिला दात काढायला पलीकडच्या गावात न्यायचं होतं. ती माणसं खाली उतरली. त्यातल्या दोघांच्या हातात काय होतं ते तू बघितलंस. तू ट्रायपॉडला धरून उभा होतास, तोंडचं पाणी पळालेलं.

तेव्हा बाबा तुला म्हणाले, "तू गप रव. मी बघतंय." आणि पुढे गेले. हात जोडले, आणि त्यांच्या त्या हिंदीत सांगितलं, "लडके का गलती नहीं. मैं बोला उसको रुको. मैं समुंदर का आदमी. मेरे को लगा सुकती आयेगा, पानी उतरेगा." सुकती म्हणजे काय ते त्यांना कळेना. मग बाबांनी हाताने करून दाखवलं, समुद्र कसा येतो आणि कसा मागे जातो. सगळ्यात आधी ती म्हातारी हसली, गाल धरून. मग मेंढ्यांचा मालक हसला. असल्या म्हाताऱ्यावर रागवायचं तरी कसं? त्यांनी आपल्याला चहा दिला. रात्री त्यांच्याच शेकोटीजवळ बसवलं.

बाबांना तिथे ओहोटी येईल असं कधीच वाटलं नव्हतं, सर्वेश. तुझं टाळकं फुटू नये म्हणून त्यांनी स्वतःला वेडं ठरवून घेतलं. हे तुला माहीत होतं. तू त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभा होतास.

आणि तू काय केलंस? ऊन जायच्या आधी त्यांना म्हणालास, "बाबा, त्या दगडावर बसा, अर्धं मिनिट हलू नका." ते बसले. अर्धं मिनिट कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवलं की खवळलेलं पाणीसुद्धा दुधासारखं गुळगुळीत दिसतं, ही तुझी करामत. आता लोक तो फोटो बघून मला विचारतात, "एवढ्याशा शांत पाण्याला म्हातारा घाबरला?" ज्या पाण्यात मेंढीएवढे दगड वाहत होते, ते पाणी. तुझ्या सगळ्या फोटोंत मिळून माणूस एकच आहे, आणि तोही हसायला ठेवलेला.

नुसता काढून टाकून आता भागणार नाही. जे घडलं ते लिही. जिथे ते खोटं लिहिलंस तिथेच लिही.

जान्हवी

मालवण, २१ ऑगस्ट

सर्वेश,

काल कुरिअर आलं. एवढं मोठं खोकं, म्हटलं मिक्सर पाठवलास की काय. उघडलं तर तोच फोटो, खालच्या त्या ओळीसकट, काचेत, काळ्या चौकटीत. सोबत चिठ्ठी, 'ताई, खानावळीत लाव. गिऱ्हाइकांना आवडेल.'

तू बुद्धीने कमी आहेस असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे हा निलाजरेपणा आहे असंच धरून चालते.

मी तो तांदळाच्या पोत्यांमागे टाकला. दुपारी जेवणं उरकून बाहेर येते तर बाबा स्टुलावर चढलेत आणि भिंतीत खिळा ठोकतायत. म्हटलं, बाबा, उतरा खाली. म्हणाले, "झिलान धाडल्यान गो. पोत्याखाली खंय घालतंस?" लावला. सरळ लागलाय का म्हणून मला विचारलं.

आज गोव्याचं एक कुटुंब जेवायला होतं. त्यातल्या बाईने फोटो बघितला, खालची ओळ वाचली, मग नारळ सोलणाऱ्या बाबांकडे बघितलं. "हेच का ते आजोबा?" बाबा उठून उभे राहिले. "व्हय, मीच तो." तिने त्यांच्यासोबत सेल्फी काढला. "खरंच वाटलं तुम्हाला ओहोटी येईल?" बाबा म्हणाले, "वाटला तर. समुद्राचो माणूस मी." सोलकढीची वाटी माझ्या हातात होती, ती तिच्या ताटात आदळली. थोडी साडीवर उडाली. मी माफी मागितली नाही.

ती माणसं गेल्यावर मी बाबांना धरलं. तुला शब्द न् शब्द सांगते, कारण बाबांच्या तोंडून तू तो कधी ऐकणार नाहीस.

"तुमी खोटा कित्याक सांगतास?"

"तेका बक्षीस गावला ना?"

"म्हणान तुमी लोकांत येडे होवन फिरतलास?"

"मी म्हातारो झालंय. माका आता कोण काय म्हणतलो? तेचा आता खंय सुरू झाला. मी खरा सांगलंय तर लोक तेका शिव्या घालतले. फोटो काढूक लोकांची वाट अडवल्यान म्हणतले. बापाक फुडे केल्यान म्हणतले."

"केल्यानच मा!"

"मी केलंय. तेना नाय. तू ह्या वाडीत कोणाक सांगशीत तर माझ्या ताटाक हात लावू नको."

मग नारळ सोलायला बसले. मी मागच्या दारी जाऊन रडले. रागाने रडले, हे लक्षात घे. नारळी पौर्णिमेला सगळी वाडी नारळ घेऊन किनाऱ्यावर गेली आणि आपला बाप घरात बसून कोळंबी सोलत होता. लवूकाका आत्तापासूनच किनाऱ्यावर स्वतः पाणी बघायला उभे राहतात. परवा येऊन बाबांना म्हणाले, "राग मानू नको हां गुणाजी, पोरा ऐकनत नाय." लवूकाका वाईट माणूस नाहीत. त्यांना खरं माहीत नाही एवढंच.

माझं तोंड बाबांनी बांधलंय. तुझं कुणी बांधलंय?

जान्हवी

मालवण, ९ सप्टेंबर

सर्वेश,

आज तुला शिव्या घालायच्या म्हणून बसले होते. त्या राहू देत. काय झालं ते सांगते.

काल पहिली रापण. आदल्या दिवशी लवूकाका घरी आले. हात कोण वर करणार, तो विषय त्यांनी काढला नाही. एवढंच म्हणाले, "गाऱ्हाणा तरी तू घाल. तुझ्याशिवाय कोणाक येना नाय." बाबा तयार झाले. तोच नवा शर्ट घातला.

गाऱ्हाणं तू लहानपणी ऐकलंयस. एकाने देवाला सांगायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होडी पाण्याच्या कडेला, दोर अंथरलेले, पुरुष पुढे, आम्ही बायका टोपल्या घेऊन मागे. बाबांनी नारळ हातात घेतला. आवाज सुरुवातीला घोगरा होता, मग मोकळा झाला.

"बा देवा म्हाराजा! आज हय दर्यार तुजी लेकरा गोळा झाली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"होडयेक, जाळ्याक, दोर वडणाऱ्या हातांक राखण दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि म्हाराजा, औंदा माझ्याकडसून पाण्याची पारख चुकली. लोकांत हसा झाला. ती चूक माझ्याच पदरात ठेव, ह्या रापणीर तेची सावली पडाक देव नको रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

ते मी म्हटलं. आधी मलाच कळलं नाही. गाऱ्हाण्यात 'नाही' कुणी म्हणत नाही, सर्वेश. मी तरी जन्मात ऐकलेलं नाही. सगळी रापण मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या सत्यवतीने माझा हात ओढला, तो मी सोडवला. बाबा लोकांशी खोटं बोलले ते मी गिळलं होतं, पण तुझ्यापायी ते देवापुढे खोटं बोलायला लागले तेव्हा मला धीर धरवला नाही. मी सगळं सांगितलं. ट्रकवाला काय म्हणाला, तू गाडी कुठे लावलीस, बाबा का पुढे गेले. ओरडून सांगितलं, कारण लाटा होत्या.

लवूकाकांनी विचारलं, "गुणाजी, खरा काय ह्या?"

बाबांच्या हातात नारळ होता. 'नाय' म्हणाले असते तर माझं तोंड काळं झालं असतं, पण त्यांच्याने ते म्हणवलं नाही. मग समुद्राकडे वळले आणि म्हणाले, "गाऱ्हाणा अर्धा ठेवूचा नाय." आणि पुढे सांगितलं, "माझो झील लांब आसा म्हाराजा. तेचा बरा कर."

"व्हय म्हाराजा" म्हणणारे आवाज निम्मेसुद्धा नव्हते. मी म्हटलं. तुझ्यासाठी नाही, बाबा एकटे पडू नयेत म्हणून म्हटलं.

नारळ फुटला. लवूकाका बाबांच्या जागेवरून बाजूला झाले आणि म्हणाले, "ये गुणाजी. हात तुझो." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाटलं, झालं, मिटलं. एवढ्यात मागून कुणीतरी तुझं नाव घेऊन घाण शिवी दिली. दुसऱ्याने त्याहून वरची दिली. "झील म्हणतत ह्येका?" बाबा थांबले. म्हणाले, "जंय माझ्या झिलाक शिव्या घालतत थंय माका काय काम?" आणि किनारा चढून घरी आले. होडी त्यांच्याविना सुटली.

माझ्याशी बोलत नाहीत. मी वाढते, ताटाला हात लावतात, पण मान वर करत नाहीत. मी त्यांना मोकळं करायला गेले होते.

आणि आज सकाळपासून काय करतायत सांगू? वाडीतून एकेक घर फिरतायत. लवूकाकांकडे गेले, सत्यवतीकडे गेले, शिवी देणाऱ्याच्यासुद्धा घरी गेले. चपला दाराबाहेर काढतात, ओटीवर चढत नाहीत, अंगणातूनच म्हणतात, "माझ्या पोराचा चुकला. लहान आसा. तेच्यावतीन मी माफी मागतंय, तेका वायट बोलू नकात." लोक बसा म्हणतात, चहा देतात. ते पुढच्या घरी जातात. दुपारी घामाघूम होऊन आले, पाणी प्यायले आणि परत गेले. मी अडवायला उभी होते, मला वळसा घालून गेले.

ते तुझं वागणं आहे, सर्वेश, आणि त्याची माफी ते उन्हातून दारोदार मागतायत. वाडीतली निम्मी घरं अजून राहिली आहेत. तेवढ्या घरांची तरी माफी तू येऊन माग.

ताई